तारांकित प्रश्न आणि रद्द झालेली रजा

लोकप्रतिनिधी धोरण कसं ठरवतात, यावर मी पीएचडी करत होते. घरच्यांच्या मते लग्न लांबवण्याचा हा सगळ्यात सुशिक्षित मार्ग होता. बाबा एका केंद्रीय मंत्रालयात. संसदेत आलेल्या प्रश्नांची उत्तरं तयार करणं हे त्यांचं काम. त्यामुळे दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये लोकशाहीविषयी फारसं चांगलं बोललं जात नसे. अधिवेशन सुरू झालं की बाबांचा पारा चढलेला असायचा.

उदारीकरणाचे दिवस होते. दिल्लीजवळ मानेसरच्या शेतांत गाड्यांचे कारखाने उभे राहत होते. त्यांना परवानगी देताना कामगार राहणार कुठे, याचा सरकारनं विचार केला होता का? प्रबंधाचं माझं अख्खं प्रकरण या एका प्रश्नावर अडलं होतं. बाबा म्हणाले, "ऑफिसचं ऑफिसमध्ये." गाईड म्हणाले, "अधिकृत उत्तर आणा, नाहीतर प्रकरण काढून टाका." ते काढलं असतं तर प्रबंधात मुखपृष्ठ आणि ऋणनिर्देश उरले असते.

शेवटी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात उतरलेल्या आपल्याकडच्या एका खासदारांना गाठलं. मुलाखत माझी, पण प्रश्न तेच विचारत होते: गाव कोणतं, आईच्या माहेरचे कोण, दिल्लीत चांगली ज्वारी कुठे मिळते. मग मी माझा प्रश्न विचारला. पोह्यांचा चमचा मध्येच थांबला.

"वा! हा तर सभागृहात विचारायला हवा. लिहून दे गं पोरी."

मी दिला. माझी सगळी जाडजूड पुस्तकं सांगत होती की प्रश्नामागे पक्ष असतो, विचारसरणी असते, हितसंबंध असतात. पोह्यांचा उल्लेख कुठेच नव्हता.

काही आठवड्यांनी आई पुण्याला नात्यातल्या एका लग्नासाठी बॅग भरत होती. बाबा धुमसतच घरात शिरले.

"रजा कॅन्सल! कुणा दीडशहाण्यानं मानेसरवर स्टार्ड क्वेश्चन टाकलाय, मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यायचंय. अरे यार, खासदारांना एवढं सुचायला कधी लागलं?"

"तो मी लिहून दिलाय," मी म्हणाले.

आईनं पैठणी बॅगेतून परत काढली. "बाप रजा घेतो, लेक रद्द करते. बिल्कुल छान चाललंय!"

बाबा जेवणाच्या टेबलावरच मसुदा लिहायला बसले. मी डोकावून वाचला: माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.

मी भडकले. "हे काय उत्तर झालं? तुम्ही लपवताय!"

बाबांनी पेनाला टोपण लावलं. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता. ते चक्क ओशाळले होते.

"लपवायला काही असायला तर हवं. सगळ्या फाइली चाळल्या गं. जमीन आहे, वीज आहे, रस्ता आहे. माणसं कुठे राहतील, हे आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा."

अधिकृत उत्तर मिळालं, माझं प्रकरण तगलं. आनंद मात्र झाला नाही.