काडेपेटी गल्ल्यावर ठेवा, पावणं

शिवाप्पाअण्णांच्या गाडीत बसायचं तर आधी खिशातली काडेपेटी त्यांच्या दुकानातल्या गल्ल्यावर काढून ठेवावी लागे. समोर व्याही असो, स्वामी असोत, नाहीतर माझ्यासारखा कालचा पोरगा. "काडेपेटी गल्ल्यावर ठेवा, पावणं," म्हणून ते हात पुढं करायचे. नवख्याला वाटायचं, नव्या गाडीचे लाड चाललेत. तसं नव्हतं. त्या गाडीतून पेट्रोल गळत होतं, आणि ते गळतंय हे कबूल करायला विकणारा तयार नव्हता.

अण्णांचं लक्ष्मीपुरीत सरकी पेंडीचं दुकान. माझे वडील तिथं पोती उचलायचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे मी संधी मिळेल तिथं सांगतो, कारण त्या पदवीखाली वडिलांची पाठ आहे. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा अण्णांनी दुकानात पेढे वाटले आणि तेव्हापासून इंग्रजी कागद आला की मला हाक यायची. "आमच्या ग्रॅज्युएटाला बोलवा. त्यो वाचंल."

अण्णांचा व्यवहार कसा होता ते एका पोत्यावरून सांगतो. मलकापूरकडचा एक शेतकरी अर्धं वापरलेलं पोतं परत घेऊन आला. म्हैस तोंड लावत नाही म्हणाला. दिवाणजी म्हणाले, फोडलेला माल आम्ही घेत नाही. अण्णांनी मूठभर पेंड नाकाशी धरली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, तरी त्यांनी नवं पोतं त्याच्या पुढ्यात टाकलं. "एवढ्या लांबनं कोण खोटं बोलाय येतंय व्हय? माझ्याकडनं गेलंय न्हवं? मग माझंच."

असा माणूस शोरूमच्या तावडीत सापडला.

गाडी घेतली होती काकूंसाठी, म्हणजे अण्णांच्या बायकोसाठी. त्यांची थोरली बहीण जयसिंगपूरला अंथरुणाला खिळलेली. काकूंचे गुडघे गेलेले, एस.टी.ची पायरी चढवत नव्हती. म्हणून अण्णांनी कोरी गाडी घेतली आणि वर पैसे भरून वाढीव वॉरंटीही घेतली. "काका, आता काही झालं तरी आमचं," असं विकणारा म्हणाला होता. अण्णांना ते आपल्याच दुकानासारखं वाटलं.

पहिल्यांदा टाकी पूर्ण भरून जयसिंगपूरला निघाले आणि हातकणंगल्यापर्यंत गाडीत पेट्रोलचा असा वास भरला की काकूंना उलट्या सुरू झाल्या. त्या खाली उतरल्या आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. "मी परत ह्यात बसणार न्हाय," म्हणाल्या. त्या दिवशी बहिणीची भेट राहिली ती राहिलीच.

शोरूममध्ये वॉरंटीचं बघणारे एक साहेब होते. इस्त्रीचा शर्ट, आवाज कायम शांत. मी आयुष्यात पुष्कळ भांडखोर माणसं पाहिली, पण त्या शांत आवाजाइतकं डोकं कुणी फिरवलं नाही. गाडी ठेवून घ्यायचे, संध्याकाळी परत द्यायचे आणि कागदावर शेरा असायचा, दोष आढळला नाही.

"टाकी भरून बघा की, पावणं," अण्णा सांगायचे. "भरली की गळतंय. निम्म्या टाकीत काय दिसणार?"

"काका, आमच्या पद्धतीप्रमाणे तपासणी झालेली आहे. तुम्हाला भास होतोय."

"भास एकट्याला हुतो. हिला उलट्या झाल्या त्या काय?"

"काकूंना गाडी लागत असेल."

मूळ वॉरंटीची मुदत अशीच गेली. मी अण्णांना म्हणायचो, बाहेरच्या गॅरेजात दाखवू, अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते चिडायचे. "बाहीर केलं की त्यांचं खरं ठरतंय. गळतंय एवढं त्यांनी तोंडानं म्हणू दे. मग मी पुसून घेतो." मला दोघांचाही राग यायचा. इकडं तत्त्व, तिकडं नियम, आणि मध्ये काकू खिडकीत बसलेल्या.

मग खंडेनवमी आली. शोरूममध्ये यंत्रांची, हत्यारांची पूजा होती. पेढे, झेंडूच्या माळा, गिऱ्हाइकांची गर्दी. अण्णा टाकी काठोकाठ भरून गाडी घेऊन आले. बरोबर मी. निघताना त्यांनी गल्ल्यावरची एक काडेपेटी उचलून स्वतःच्या खिशात घातली. मी बघतच राहिलो, आणि पोचेपर्यंत खिडकीबाहेर तोंड काढून बसलो.

आवारात गाडी लावली. ताटात कापूर ठेवून त्यांनी ते साहेबांच्या हातात दिलं, वर काडेपेटी. "साहेब, आज आमच्या गाडीची आरती तुमच्या हातनं हुंद्या. मागनं करा, टाकीच्या बाजूनं."

चारचौघांत नाही म्हणवेना. साहेब हसत गाडीच्या मागं गेले. काडी बाहेर काढली. मग ते थांबले. खाली वाकून बघितलं, जमिनीवर ओला डाग पसरत होता. काडी त्यांनी परत पेटीत घातली.

"गाडी आधी रस्त्यावर घ्या," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदा चढला होता.

"का? तुमाला बी भास झाला व्हय, पावणं?"

लोक हसले. मला वाटलं, जिंकलो. बी.कॉम. झालेला माणूसही असा भोळा असतो.

दोन दिवसांनी लेखी उत्तर आलं. टाकीकडं जाणारा रबरी पाईप चिरला आहे हे मान्य. पण वाढीव वॉरंटीत रबरी भाग येत नाहीत. ते फक्त मूळ वॉरंटीत येतात, आणि त्या काळातल्या प्रत्येक तपासणीत दोष आढळला नव्हता. मी पुस्तिका काढली. तशी ओळ खरंच होती. ज्याने ती लिहिली त्याला ती कुणी वाचू नये असंच वाटत असणार, इतक्या बारीक अक्षरात. मी अण्णांना मराठीत समजावून सांगितली. एकदा, मग परत एकदा.

"म्हंजे गळत हुतं तवा गळत न्हवतं," अण्णा म्हणाले, "आणि आता गळतंय तर त्यांचं न्हाय."

त्यानंतरही ते पाईप बदलेनात. ग्राहक मंचात जाऊ म्हटलं तर तेही नको. शेवटी काकूंनीच मला आत बोलावलं. "तुमचं भांडान तुमी भांडा. माझी अक्का तिकडं वाट बघायल्याय." अण्णा लग्नाला गावाला गेले होते, त्या दिवशी मी मिस्त्री आणला. पाईप बदलायला त्याला दुपारचं जेवणसुद्धा मध्ये घ्यावं लागलं नाही.

अण्णा आले तसं काकूंनीच जयसिंगपूरचं काढलं. टाकी भरली, काकू पुढं बसल्या, मी मागं. शिरोली ओलांडली तरी अण्णा नाक वर करून हुंगत होते.

"वास येत न्हाय गं."

काकू समोर बघत म्हणाल्या, "भास हुत असंल तुमाला."

अण्णांनी जयसिंगपूर येईपर्यंत काच खालीच ठेवली. बहिणी बहिणी गळ्यात पडून रडल्या तेव्हा ते बाहेर गाडीपाशी उभे होते. पण काडेपेट्या त्यांनी शेवटपर्यंत काढून घेतल्या. मुदतीतही गळत होतं हे शोरूमने कबूल केलं नव्हतं, तेव्हा अण्णांच्या हिशेबी गाडी गळतच होती.

अण्णा वारल्यावर महिनाभराने काकूंना बहिणीकडं जायचं होतं. गाडी मी चालवणार होतो. दुकानातून निघताना त्यांनी हात पुढं केला.

"काडेपेटी हाय का खिशात?"

"काकू, पाईप तर तुम्हीच बदलून घेतलाय की."

"व्हय," काकू म्हणाल्या. "पर त्यास्नी कुठं सांगितलंय मी?"

मी काडेपेटी काढून गल्ल्यावर ठेवली.