रचनाचा डावा हात

गास गावात रचनाला सगळे पळणारी म्हणून ओळखतात, पण तिचं सगळं आयुष्य घडलं आणि बिघडलं ते डाव्या हातामुळे. जन्माच्या वेळी बाळ अडलं, कुणीतरी घाईने ओढलं आणि खांद्याच्या शिरा दुखावल्या. हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, चोळत राहा, वापरायला लावा, सुधारेल तेवढा सुधारेल. त्यातलं शेवटचं वाक्य तिच्या आईने, हंसाने, ऐकलंच नाही.

हंसा महाहट्टी बाई. रोज संध्याकाळी खोबरेल कोमट करून ती तासभर तो हात चोळायची. सकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडायला पोरीला वाडीत न्यायची, तेव्हा तिचा उजवा हात ओढणीने कमरेशी बांधून टाकायची. कळ्या मातीत पडायच्या, पोर रडायची, शेजारणी हंसाला कसाई म्हणायच्या. संध्याकाळी चोळून झालं की हंसा आपली दोन बोटं तिच्या डाव्या मुठीत द्यायची आणि जोराने ओढत म्हणायची, "धर. सोडू नको."

शाळेत जॉन सरांनी तिचे पाय पाहिले. एका हाताने अधू असलेल्यांच्या वेगळ्या शर्यती असतात, हे घरात पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. राजोडीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत त्यांनी तिला पळवलं. शर्यतीच्या सुरुवातीला जमिनीवर दोन्ही हात टेकून बसायचं, तिथे तिचा डावा खांदा दगा द्यायचा. ती सगळ्यांच्या मागून उठायची आणि शेवटच्या चाळीस मीटरमध्ये एकेकीला गाठायची. शंभर मीटरचं राष्ट्रीय सुवर्णपदक तिने सलग चार वर्षं कुणाला दिलं नाही.

मग काय, नाक्यावर फलक लागला, शाली आल्या, नारळ आले. ज्यांनी कधी रस्त्यावर धड सायकल चालवली नसेल अशा माणसांनी माइक धरून सांगितलं की, रचनाने अपंगत्वावर मात केली. हंसा पहिल्या रांगेत बसून पदराने डोळे पुसायची.

परदेशातल्या स्पर्धेआधी, हात या गटात बसण्याइतका अधू आहे की नाही, याची बेंगळुरूला तपासणी होती. बाहेरून आलेले डॉक्टर प्रत्येकीला हात उचलायला लावत, दाबून बघत आणि ताकदीचे आकडे टाकत. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने रचनाच्या कानात सांगितलं की, जोर लावू नकोस, हात ढिला सोड, सगळ्या तेच करतात. रचनाने ऐकलं, मान डोलावली. पण डॉक्टरने तिचं मनगट धरून खाली दाबलं, तसा तिचा हात आपोआप ताठ झाला. समोरचा ओढत असताना सोडायचं कसं, हे त्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं.

हात नियमापेक्षा चांगला निघाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी तपासला, तरी तेच. त्यांचा निकाल शेवटचा. यापुढे या गटात तिला कधीच पळता येणार नव्हतं. सगळे मात करा म्हणत होते. खरोखर मात झाली, तेव्हा तिला घरी पाठवलं. याचा मला आजही संताप येतो.

धडधाकट मुलींच्या शर्यतीत ती एकदा उतरली. त्याच खांद्यामुळे सातवी आली. आता ती वालीवला एका कारखान्यात पॅकिंगला जाते, आठ तास, दोन्ही हातांनी.

आईला खरं सांगणं तिला शक्यच नव्हतं. वीस वर्षं चोळलेल्या हाताने हे केलं, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? जॉन सरांना तिने गप्प राहायची शपथ घातली आणि घरी सांगितलं की, निवडीच्या शर्यतीत सुरुवातीलाच खांदा कमी पडला, दुसरी मुलगी पुढे गेली.

हंसा म्हणाली, "माजीच चूक. तुज्या सरावापायी दोन वरसं चोळनं सुटलं."

त्याच संध्याकाळी तिने खोबरेल कोमट केलं. तेव्हापासून रोज, रचना कामावरून आली की हंसा वाटी घेऊन ओट्यावर बसलेली असते. तिच्या स्वतःच्या बोटांचे सांधे आता सुजतात, तरी तासातली पाच मिनिटंही कमी करत नाही. रचना गुपचूप हात पुढे करते.

परवा चोळून झाल्यावर हंसाने पूर्वीसारखी दोन बोटं तिच्या मुठीत दिली आणि ओढली. "धर. सोडू नको."

सोडून द्यावं, असं रचनाच्या मनात आलं. मूठ सुटली नाही. हंसाने सगळा जोर लावला, दमली, आणि कित्येक महिन्यांनी हसली.

"बघ, परत आली ताकद," ती म्हणाली. "आनखी वरीसभर चोळते. मग तुला कोन काढतो ते बघू."

रचना हो म्हणाली.