बांधावरचा फडका

पेणजवळच्या आमच्या गडब गावात खाडीकडची जुनी घरे आहेत, त्यांत एक रीत होती. मिठाने भरलेला मचवा खाडीतून निघाला की घरच्या माणसाने बांधावर उभे राहून फडका हलवायचा. मचव्यावरून उलट फडका हलला की निरोप पुरा झाला, असे समजायचे. मचवे बंद झाले, मिठागरेही बरीचशी ओस पडली, पण माझा शेजारी जनू म्हात्रे याने ही रीत सोडली नाही. त्याने ती रेल्वेला लावली.

जनूची थोरली बहीण ठमाबाई रत्नागिरीला दिलेली. आई लवकर गेल्यामुळे जनूला तिनेच वाढवले. कोकणची रेल्वे झाल्यावर ती दर दिवाळीला पेणला उतरायची आणि भाऊबीज आटोपली की पॅसेंजरने परत निघायची. जनू तिला गाडीत बसवायला कधी गेला नाही. तो रुळाजवळच्या बांधावर बांबूला लाल फडका बांधून उभा राहायचा. पुढे कासू स्टेशन असल्यामुळे गाडी तिथे हळू व्हायची. खिडकीतून पदर हलायचा आणि ठमाबाईचा आवाज यायचा, "मेल्या, सांभाल, बांधावरून परशील!" मग जनू दिवसभर खुशीत असायचा.

तीन वर्षांपूर्वी ठमाबाई आजारी पडली. तिचा मुलगा रघू तिला मुंबईला घेऊन आला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले, तेव्हा जे समजायचे ते सगळ्यांना समजले. पॅसेंजरचा प्रवास तिला झेपणार नव्हता. रघूने मुंबई-गोव्याच्या नव्या वेगवान गाडीची तिकिटे काढली. ही गाडी पेणला थांबत नाही, रोह्यालाही नाही. त्याने जनूला फोन केला.

"मामा, पनवेलला ये. गाडी थांबते तिथं. आईला भेटशील तरी."

"फलाटावरच्या गर्दीत कसला निरोप? मी बांधावर हाय. तुझ्या आयेला सांग, पदर तयार ठेव."

जनूची बायको पुतळी म्हणाली, "जावा की पनवेलला. ती गाडी काय तुमच्यासाठी हलू व्हनार नाय."

"कासूजवल समद्या गाड्या हलू व्हतात. तू नको शिकवू."

त्या सकाळी मी कामावर उशिरा जाणार असल्याचे कळवून त्याच्यासोबत बांधावर गेलो. भोंगा ऐकू आला, जनूने बांबू उचलला, आणि गाडी समोरून निघूनही गेली. काळ्या काचांची एक लांब पट्टी, एवढेच मला दिसले. गवत बराच वेळ हलत होते. जनू गाडीच्या मागे फडका हलवत राहिला.

"तुला दिसली?" त्याने विचारले.

मी नाही म्हणालो.

संध्याकाळी रघूचा फोन आला. "दिसलास मामा. आईने पदर हलवला." जनूने मला घरातून बोलावून घेऊन ते सांगितले. पुढच्याच महिन्यात ठमाबाई वारली. जनू रडला, पण येईल त्याला सांगायचा, "बायचा न् माझा निरोप पुरा झाला. तिनं मना बघितला."

गेल्या वर्षी त्याची नात मालू नर्सिंगच्या शिक्षणासाठी रत्नागिरीला निघाली, त्याच गाडीने. तिचे सामान जड होते म्हणून जनू पनवेलपर्यंत गेला. फडका दाखवायचे काम त्याने पुतळीला दिले होते. पनवेलला तो बॅग घेऊन डब्यात चढला, ती वर नीट लावत बसला.

"आजा, उतर, दारं बंद व्हतील."

"व्हतील कशी? मी आत हाय ना."

दारे आपोआप बंद झाली. आसपासचे लोक हसले, तोही हसला. आता खेडलाच उतरायचे होते. मालूने त्याला खिडकीजवळ बसवले. पेण गेल्यावर त्याने खिशातला रुमाल काढून हातात धरला आणि कपाळ काचेला टेकवले. काही वेळाने त्याने विचारले, "गडब कवा येल?"

"आजा, गडब कवाच गेला. आता रोहा येईल," मालू म्हणाली.

रुमाल त्याच्या हातात तसाच राहिला. हे मला मालूने नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी जनू पॅसेंजरने परत आला, तेव्हा मी त्यांच्या ओटीवरच होतो. पुतळीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मी किती वेल हलवत व्हते. दिसले ना?"

जनू आधी पाणी प्यायला. मग म्हणाला, "व्हय, दिसलीस."

ती समाधानाने आत गेली. लाल फडका लावलेला बांबू भिंतीला टेकवून ठेवला होता. जनू त्याच्याकडे बघत बसला.

"रघू चांगला पोर हाय," तो म्हणाला. थोड्या वेळाने, अगदी हळू, "पनवेल काय लांब व्हता रे? येका एस्टीचा रस्ता."