गॅरेजच्या भिंतीवरील खुणा न रंगवण्याबाबत

मयत : सुगत, वय सत्तेचाळीस, मूळ राहणार नागपूर, हल्ली मुक्काम डब्लिन, ओहायो. व्यवसाय : सॉफ्टवेअरची तपासणी. शनिवारचा व्यवसाय : मुलांना बॉक्स लॅक्रॉस शिकवणे, विनावेतन. घटनेचे ठिकाण : राहत्या भाड्याच्या घराचे गॅरेज. वेळ : फेब्रुवारीतील दुसरा शनिवार, सकाळी अकराच्या सुमारास. प्रत्यक्ष साक्षीदार : एकच, मयताची कन्या मैत्री, वय अकरा. मागाहून पोहोचलेले साक्षीदार : मयताची पत्नी प्रज्ञाताई, आणि प्रस्तुत लेखक मनोहर, ज्याचे शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी ज्याच्या हातचा अर्ज आमच्या तालुक्याच्या कचेरीत वीस वर्षे मानाने स्वीकारला जात होता.

त्या शनिवारी मी नोकरीवर होतो. पत्नीच्या नर्सिंगच्या नोकरीमुळे मी या देशात आलो, आणि येथे एका भारतीय किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत कढीपत्त्याच्या आणि मेथीच्या पेट्या उघडण्याचे काम करतो. फोन वाजला. मैत्री माझ्याशी आजवर नेहमी इंग्रजीत बोलत आली. मी मराठीत विचारायचे, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचे, असा आमचा ठरलेला व्यवहार होता. त्या दिवशी ती मराठीत म्हणाली, "काका, बाबा उठत नाहीयेत..." एवढे एकच वाक्य. मराठी ऐकले तेव्हाच मला समजले.

सुगतची आणि माझी ओळख सहा वर्षांपूर्वी याच दुकानात झाली. तो तूरडाळीची पिशवी उलटीसुलटी करून मागचा मजकूर वाचत होता. मी म्हटले, "डाळ आहे, भाऊ, करारनामा नाही." तो हसला आणि म्हणाला, "बापा, नागपूरचे दिसता!" त्यानंतर त्याच्या घरी माझे जाणे-येणे सुरू झाले. बुद्धवंदनेला, वाढदिवसाला, आणि काही कारण नसतानाही. तो मला मनोहरभाऊ म्हणे, आणि चिडवायचे असले की 'वकीलसाहेब'. मी वकील नव्हतो. परंतु ते ऐकायला मला बरे वाटे, हे येथे लपवत नाही.

मैत्री आठ वर्षांची असताना शाळेतल्या मैत्रिणींमुळे लॅक्रॉस खेळू लागली. वाचकांच्या माहितीसाठी नमूद करतो की, हा या खंडातल्या मूळ रहिवाशांचा खेळ आहे. दांडीच्या टोकाला जाळी असते, त्या जाळीत रबरी चेंडू झेलायचा, तो सांभाळत धावायचे आणि गोलात फेकायचा. तो मोठ्या मैदानावर खेळतात. पहिल्या वर्षीचे सामने मी सुगतच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर बसून पाहिले. मैत्री अंगाने लहान, त्यात डावखुरी. एका संपूर्ण सामन्यात तिच्या जाळीला चेंडू दोनदा लागला, तोही चुकून. बाकी वेळ ती दूर गवतात उभी. परतताना गाडीत ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा. आय लाइक वॉचिंग." सुगतने आरशातून तिच्याकडे पाहिले. घरी उतरल्यावर मला म्हणाला, "मनोहरभाऊ, आमच्या ऑफिसच्या कॉलवर चौदा माणसं असतात. मीही असाच असतो. म्यूटवर. कोणी पास देत नाही आणि आपणही मागत नाही. मग एक दिवस वाटायला लागतं की आपल्याला बघायलाच आवडतं."

त्याच हिवाळ्यात त्याला बॉक्स सापडला. गावाबाहेर बर्फावरच्या हॉकीसाठी बांधलेले एक जुने सभागृह आहे. बर्फ कधीचाच काढलेला, खाली कृत्रिम हिरवळ अंथरलेली, आणि सभोवार छातीएवढ्या उंच फळ्या. त्या चौकटीत लॅक्रॉस खेळतात तेव्हा त्याला बॉक्स म्हणतात. एका बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. गोल चार फूट रुंद, चार फूट उंच, आणि तो अडवायला गाद्या बांधलेला रक्षक, म्हणजे उरते ती बोटभर फट. चेंडू हाती आला की तीस सेकंदांत गोलाकडे मारावाच लागतो. सुगतने हे सगळे आठवडाभर वाचून काढले, सॉफ्टवेअरमधली चूक शोधावी तसे. मग मला समजावले. "मोठ्या मैदानात पोर लपू शकतं, भाऊ. इथे लपताच येत नाही. कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं तरी चेंडू फळीला आपटून त्याच्याच पायाशी येतो. मग काय करणार? उचलणार. चार जण अंगावर येणार, मग पटकन द्यायला शिकणार. जागा कमी म्हणून हात जलद होतात. गोल लहान म्हणून नुसत्या जोराने भागत नाही, आधी रक्षकाला फसवावं लागतं. आणि पाचही जणांनी धावून मारायचंही आणि मागे येऊन अडवायचंही. कोणी नुसतं बघत नाही."

तो शिकवूही लागला. स्वतः कधी खेळला नव्हता. आरंभी त्याच्या हातून चेंडू इतका सुटे की मुलेच त्याला शिकवत. बारा-तेरा मुले होती, त्यांत आपली चार. त्याची एक पद्धत होती, ती इतर कोणाची मी पाहिली नाही. दर शनिवारी पहिली दहा मिनिटे तो कोणालाही गोलाकडे मारू देत नसे. सर्वांनी एका कोपऱ्यात दाटीने उभे राहायचे, चेंडू फळीवर मारायचा, आणि परत येणारा चेंडू ज्याच्या जवळ येईल त्याने झेलून मोठ्याने स्वतःचे नाव घ्यायचे. दुसऱ्याचे नाही, स्वतःचे. पहिल्या दिवशी मैत्रीचा आवाज मला बाकावर ऐकू आला नाही. महिनाभरात तो छतापर्यंत जाऊ लागला. आणि या खेळात डावखुऱ्याला भाव असतो, कारण प्रत्येकाने आपल्या हाताच्या सोयीची बाजू धरायची असते आणि डावखुरे नेहमी कमी पडतात. सुगत मला कोपराने ढोसून म्हणाला, "हिची आजी नागपूरला हिच्या डाव्या हातातून चमचा काढून घ्यायची. आता बघा म्हणावं, इथे लेफ्टीसाठी पोरं भांडताहेत!" दुसऱ्या वर्षी मैत्री पुन्हा मोठ्या मैदानावर उतरली, तेव्हा तीन जणींच्या मधून तिने चेंडू झेलला आणि न पाहता मागे दिला. जणू ते मैदान तिला फार मोकळे वाटत होते.

येथून पुढील मजकूर माझ्याविरुद्ध जातो. तो मी स्वखुशीने देत आहे.

गेल्या शरद ऋतूत सभागृहाच्या कार्यालयाने कळवले की शनिवारचे मुलांचे दोन तास कमी करून एक तास करण्याचा विचार आहे, कारण मोठ्या माणसांना पिकलबॉलसाठी, म्हणजे लाकडी फळीने प्लास्टिकचा चेंडू जाळीपलीकडे टोलवण्याच्या खेळासाठी, जागा हवी आहे. सुगत म्हणाला, "सोमवारी जाऊन मॅनेजर बाईंशी बोलतो. चांगल्या आहेत. दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटले, "तोंडी बोलण्याला पुरावा नसतो. अर्ज द्यावा लागेल, आणि तो मी लिहीन." तो म्हणाला, "लिहा, पण मला दाखवून द्या." यावर मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, "सर्जनच्या हातातली सुरी रुग्ण बघत नसतो."

वीस वर्षांच्या अनुभवाने मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. कचेरीकडे एक गोष्ट मागायची असेल तर दहा दोष दाखवायचे. दहांपैकी नऊ कोणी वाचत नाही. परंतु कागदाचे वजन वाढते, साहेब धसका घेतो, आणि मागितलेली एक गोष्ट देऊन मोकळा होतो. त्याप्रमाणे मी इंग्रजीत सात पानांचा अर्ज तयार केला. उत्तरेकडच्या कोपऱ्यातील फळीचा बोल्ट सैल असल्याचे लिहिले. गोलाची जाळी फाटल्याचे, एक दिवा बंद असल्याचे लिहिले. आणि सोबत परिशिष्ट जोडले : कोणत्या मुलाच्या नडगीवर, कोणाच्या बोटाला, कोणत्या शनिवारी मुका मार लागला, कोण साक्षीला होते, खाली पालकांच्या सह्या. सह्या देताना पालकांनी पहिले पान तेवढे पाहिले, ज्यावर दोन तासांची मागणी होती. तो अर्ज मी शुक्रवारी, म्हणजे सुगतच्या सोमवारच्या आधी, स्वतः नेऊन दिला आणि पोच मागितली. तेथील मुलीने पोच म्हणजे काय ते विचारले.

आठ दिवसांत उत्तर आले. अतिशय नम्र. ही बाब निदर्शनास आणून दिल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले होते. मुलांच्या सुरक्षिततेहून काहीही मोठे नाही, सबब तपासणी होईपर्यंत बॉक्स बंद ठेवण्यात येत आहे, असे कळवले होते. पुढल्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा फळ्या काढून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. नंतर त्या तेथूनही हलल्या. हिरवळीवर पांढऱ्या पट्ट्या ओढल्या गेल्या आणि पिकलबॉलचा टक टक आवाज सुरू झाला...

सुगतने ती सात पाने पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचली. मी शेजारी बसलो होतो. परिशिष्टापर्यंत येऊन तो थांबला, मग पुन्हा पहिल्या पानावर गेला. मी म्हटले, "काहीतरी बोल." तो म्हणाला, "मनोहरभाऊ... इथे तक्रार वाचतात." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याला उत्तर देऊ शकलो असतो. तसे उत्तर देण्याची माझी तयारी होती.

ठरलेल्या सोमवारी मॅनेजर बाई रजेवर होत्या; तो पुढच्या सोमवारी त्यांच्याकडे गेलाच, आणि त्यानंतरही दोनदा गेला. बाई खरोखर चांगल्या होत्या. त्यांनी माझे सातही कागद समोर ठेवून त्याला सांगितले की, हे एकदा लेखी आल्यावर त्यांच्या हातात काही उरले नाही. मुले पांगली. दोघे बास्केटबॉलकडे गेले, एक पोहायला जाऊ लागला. जवळचा दुसरा बॉक्स दीड तासावर होता, आणि इतर पालकांना ते अंतर परवडणारे नव्हते. सुगतने गॅरेजमधली गाडी बाहेर काढली आणि शनिवारी, त्याच वेळी, मैत्रीला मागच्या भिंतीवर चेंडू मारायला उभे केले. उजवीकडे तो, डावीकडे ती. चेंडू भिंतीला, भिंतीवरून जाळीत, जाळीतून पुन्हा भिंतीला. एकदा मी दारात उभा राहून पाहत होतो, तेव्हा मैत्री थांबली आणि म्हणाली, "बाबा, देअर्स नोबडी टु पास टु." तो म्हणाला, "मी आहे ना. चल, नाव घे." तिने नाव घेतले. पण हळू, पहिल्या दिवशीसारखे.

फेब्रुवारीतील त्या शनिवारी काय झाले, हे वर आलेच आहे. डॉक्टरांनी सांगितले की हृदयाचा आजार जुना होता, हे कुठेही घडले असते. प्रज्ञाताईंनी ते स्वीकारले आहे. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट वंदनेच्या दिवशी आलेल्यांना त्या सांगत होत्या, "मनोहरभाऊ आले म्हणून निभावलं." मी मात्र ते 'कुठेही' मान्य करत नाही. तो सभागृहात असता तर भोवती बारा मुले असती, दोन-चार पालक असते, भिंतीवर ते बंद पडलेल्या हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र टांगलेले असते. गॅरेजमध्ये एक अकरा वर्षांची मुलगी होती आणि एक फोन. तो गॅरेजमध्ये होता याचे कारण सात पानांचे आहे.

ज्या व्हिसावर हे घर उभे होते तो सुगतच्या नावाचा होता. त्यामुळे प्रज्ञाताई आणि मैत्री येत्या रविवारी नागपूरला परत जात आहेत. गेल्या आठवड्यात मी सामान बांधायला गेलो होतो. नको असलेल्या वस्तू घराबाहेर 'फ्री' अशी पाटी लावून ठेवायची येथील रीत आहे. तेथे दोन खुर्च्या, एक दिवा आणि मैत्रीची लॅक्रॉसची स्टिक ठेवलेली होती. मी म्हटले, "अगं, ही घेऊन जा." ती म्हणाली, "इट वोन्ट फिट, काका." मी म्हटले, "तिथे एखादी भिंत..." ती म्हणाली, "काका, प्लीज." संध्याकाळपर्यंत कोणीतरी स्टिक घेऊन गेले.

मग मी तिला म्हटले की मी कार्यालयाला लिहितो, माझी तक्रार मागे घेतो, फळ्या परत लावून बॉक्सला बाबांचे नाव द्या अशी मागणी करतो. ती टेप लावलेल्या खोक्यावर बसली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काका, डोन्ट राइट एनिथिंग. ओके?" मी ओके म्हणालो. तक्रार मागे घेतल्याचा कागद मात्र मी त्याआधीच, मार्चमध्ये, पाठवलेला होता. त्यांचे उत्तर आले आहे. हे प्रकरण बंद करण्यात आले आहे, असे त्यात लिहिले आहे.

आता एकच गोष्ट शिल्लक आहे. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर रबरी चेंडूच्या गोल, काळपट खुणा आहेत. उजवीकडच्या उंचावर आणि विखुरलेल्या, त्या सुगतच्या. डावीकडच्या खाली, आणि इतक्या जवळजवळ की एकच डाग वाटावा, त्या मैत्रीच्या. हात जलद होतो म्हणजे काय, ते त्या डागात दिसते. पुढील सोमवारी घरमालकाचा माणूस भिंत रंगवायला येणार आहे. घरमालकाच्या नावे मी अर्ज दिला आहे. या वेळी तो एका पानाचा आहे. परिशिष्ट नाही, साक्षीदार नाहीत, घराचा एकही दोष त्यात दाखवलेला नाही. फक्त एवढेच लिहिले आहे की, बाकी गॅरेज रंगवावे, ती एक भिंत तशीच राहू द्यावी. नवा भाडेकरू हे का मान्य करील, याचे कारण मला सुचले नाही, म्हणून लिहिले नाही.

मैत्रीला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे सर्व येथे लिहिता आले. तरी ज्या वाचकांची तिच्याशी ओळख असेल त्यांनी, मी पुन्हा अर्ज केला आहे हे तिला कळू देऊ नये, ही नम्र विनंती. आणि घरमालकांनी सोमवारपूर्वी उत्तर द्यावे. नकार असला तरी तो लेखी द्यावा. मी वाचीन.

अर्जदार,
मनोहर