सुलोचना अक्कांचे सत्तर सेंटिमीटर

लेन्स घासायचं यंत्र, दुकानातली सगळी कपाटं, ट्रायल लेन्सची सागवानी पेटी आणि एक चुकीचा चष्मा.
हे सगळं मी स्वतःच्या हातांनी बनवलंय.

तो चष्मा ज्यांच्या नाकावर होता, त्या सुलोचना अक्का आज सकाळी गेल्या.

राजाजीनगरात माझं चष्म्याचं दुकान. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. पण एक मिलिमीटर इकडचा तिकडे होऊ देत नाही.

अक्का जे. पी. नगरच्या एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाइप करायच्या. घर त्यांच्याच पगारावर. मी त्यांना प्रोग्रेसिव्ह दिला. लांबचं, मधलं, जवळचं, सगळं एकाच काचेत.

आठ दिवसांत परत.
"मान धरते रे मारुती. आकडे पोहतात."
"सवय होईल अक्का. स्वल्प दिवस द्या."

तिसऱ्यांदा आल्या, त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत.
१.२ चं १२ टाइप झालं होतं. डॉक्टरांना शंका आली म्हणून निभावलं.
सोमवारी मॅनेजर शेजारी बसून दहा रिपोर्ट वाचून घेणार होता. एक चूक, की नोकरी गेली.

"चष्मा बरोबर आहे अक्का. दोनदा तपासलाय."
"असेल. तुझ्या दुकानात. मी काम तिथं करते का?"

शनिवारी मापाची टेप घेऊन लॅब गाठली.

स्क्रीन दोन जाडजूड रजिस्टरांवर चढवलेला. डोळ्यांपासून सत्तर सेंटिमीटर.
मी तपासलं होतं काउंटरवरच्या अक्षरांच्या कार्डावर. चाळीसला.
मधला नंबर काचेत खाली, अक्कांचा स्क्रीन वर. बाई दिवसभर हनुवटी उचलून वाचत होती. आणि मी सवय लावायला सांगत होतो.

रजिस्टरं काढली. रविवारी बायफोकल बसवला. वर सत्तरचा नंबर, खाली कागदाचा.
"हा घालून रस्त्यावर चालायचं नाही हं."
"सरी, ठीक आहे. रस्ता पाठ आहे मला. तू आकड्यांचं बघ."

सोमवारी मी मागे स्टुलावर. मधे बोलायचं नाही, मॅनेजरनं आधीच बजावलेलं.

सात रिपोर्ट बरोबर.
आठव्याला अक्का थांबल्या. जुन्या सवयीनं हनुवटी वर जायला लागली.
टेप माझ्या मुठीत. पट्टी तळव्यात रुतलेली.
मॅनेजरनं पेन उचललं.

हनुवटी हळूच खाली आली.
"एक पॉईंट दोन."

रिटायर होईपर्यंत त्याच खुर्चीवर होत्या. मला मात्र शेवटपर्यंत टोमणा. "काय रे, सवय झाली का तुला?"

झाली अक्का. कॉम्प्युटरचा चष्मा म्हटलं की आधी गिऱ्हाईकाच्या टेबलाशी जातो.

निवांत जा आता. एकच सांगायचं राहिलं होतं.

गेल्या महिन्यात एचएसआर भागातल्या चष्म्यांच्या एका मोठ्या शोरूमनं नोकरीला बोलावलं होतं. गिऱ्हाईकाला दहा मिनिटं, मापं काउंटरवरच, बाहेर जायचं नाही.
मी नाही म्हणालो.
महिना पंच्याऐंशी हजार देत होते, अक्का.