कुपर्सबाईंची कात्री

योरिसने फक्त एवढंच विचारलं होतं, "परिशिष्टाचं पान तीन कुठंय?" प्रश्न रास्त होता. पण उत्तर पाठवायचं बटण दाबताना त्याचं बोट घसरलं आणि तो प्रश्न एकदम सगळ्या देशांना गेला.

गाइलेनकिर्शेनच्या बहुराष्ट्रीय हवाई तळावर खर्चाचे कागद मौनाने मंजूर होतात. कागद सगळ्या देशांना जातो, मुदत ठरते, आणि तोवर कुणी चकार शब्द काढला नाही तर तो पास. हे काम करायला मुत्सद्द्यांना बरीच वर्षं शिकवावं लागतं. योरिस बेल्जियमच्या टेबलावर बसायचा, म्हणजे गुरुवारी सकाळी पावणेदहाला बेल्जियमने मौन मोडलं.

पाठीवर फिरती तबकडी घेऊन उडणाऱ्या टेहळणी विमानांच्या दुरुस्तीचा तो कागद. रडार सांभाळणाऱ्या अकरा जणांचा करार शुक्रवारी संपत होता. मौन बारापर्यंत टिकलं तर करार पुढे चालू. नाही तर कागद जूनच्या बैठकीत, अकरा जण घरी आणि विमानं हँगरात.

कागद तयार केला होता इर्मट्राउट कुपर्स यांनी. बाई एकतीस वर्षांपूर्वी भांडारात टंकलेखिका म्हणून लागल्या. बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. तेव्हा विमानाचा पंख कुठला नि शेपूट कुठलं एवढंच ठाऊक. आता कुठला सुटा भाग किती महिन्यांनी येतो हे त्या न बघता सांगत. एकदाच त्यांना विमानात बसवून आणलं होतं. खाली उतरल्यावर अनुभव विचारला, तर म्हणाल्या, "डावीकडच्या तिसऱ्या खुर्चीचं बूड वाजतंय." त्या अकरा जणांतल्या कुणाचं घराचं कर्ज चालू आहे, कुणाच्या बायकोला दिवस गेलेत, सगळं त्यांना माहीत. मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या.

बाईंनी खर्च मंजूर करणाऱ्या समितीच्या सचिवाला फोन लावला. उत्तर आलं, "बाराच्या आत तुमच्याकडच्या बेल्जियमच्या कर्नलांच्या सहीने 'हरकत नव्हती' असं लेखी आलं, तर मौन मोडलंच नाही असं धरू."

"सोपं आहे मग," योरिस म्हणाला.

"आज वार कुठला?" बाईंनी विचारलं.

योरिसने कॅलेंडरकडे पाहिलं. कार्निव्हलचा गुरुवार. या दिवशी ऱ्हाइनकाठी राज्य बायकांचं. दिसेल त्या पुरुषाचा टाय त्या कापतात आणि कुणी ब्र काढायचा नाही. तळावर ही मोहीम दरवर्षी कुपर्सबाई चालवत, आईच्या जुन्या शिवणाच्या कात्रीने. गेल्या वर्षी त्यांनी कर्नल डेबाकरांचं दार ठोठावून म्हटलं होतं, "साहेब, तातडीची सही." कर्नलांनी दार उघडलं आणि पत्नीने दिलेला रेशमी टाय अर्धा गमावला.

यंदा कर्नलांनी आठपासूनच आतून कडी लावली होती. फोन काढून ठेवला होता.

"साहेब, मी योरिस. तातडीची सही हवीय."

"तुलाही फोडलं का तिने?"

"साहेब, खरंच. बाराच्या आत."

"गेल्या वर्षीही खरंच होतं."

साडेअकरा झाले. दार गुप्त कागदांच्या खोलीचं, कडेने रबर लावलेलं. खालून कागदाचा कपटाही सरकेना. बाई ओरडून ओरडून दमल्या. आतून कर्नलांनी रेडिओ मोठा केला.

"खिडकी," बाई म्हणाल्या, आणि अंगावर कोट न घेताच बाहेर गेल्या. योरिस मागे धावला.

बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. बाईंनी काचेवर कागद चिकटवला. पडदा जरासा सरकला, कर्नलांचा एक डोळा दिसला, बाईंच्या कमरेला लटकणारी कात्री दिसली, पडदा बंद. बारा मिनिटं उरली.

खिडकीसमोर आगीच्या बंबासाठी पाण्याचा हौद होता, बर्फाची पातळ साय धरलेला. बाईंनी कात्री सोडवली. मुठीवरची घासलेली जागा अंगठ्याने एकदा चाचपली.

"बाई, थांबा," योरिस म्हणाला. "आईची आहे ती."

बाईंनी काचेवर टकटक केलं. पडदा हलेपर्यंत थांबल्या. मग हात लांब करून कात्री सोडली. साय फुटल्याचा आवाज झाला.

आत रेडिओ थांबला. खिडकी वीतभर उघडली.

"अहो कुपर्सबाई, म्हणजे खरंच सही आहे?"

"इथे. तारखेच्या वर."

कर्नलांनी एका हाताने टाय गच्च धरून दुसऱ्या हाताने सही केली. योरिस कागद छातीशी धरून पळाला, पायऱ्यांवर घसरला, उठला. अकरा सत्तावन्नला कागद रवाना झाला. मग दोघं संगणकाच्या पडद्याकडे बघत बसले. योरिसला श्वासाचाही आवाज नकोसा झाला होता. बारा वाजून दोन मिनिटांनी एक ओळ उमटली: मौन अबाधित, खर्च मंजूर.

बाईंनी हँगरात फोन केला. "सोमवारी सगळे वेळेवर या," एवढंच सांगून ठेवला. बर्फाने ओल्या झालेल्या बाह्या झटकल्या.

योरिसला राहवेना. "बाई, चूक माझी. तुमचं शेवटचं कार्निव्हल, आणि ती कात्री... हौद उपसायला सांगतो मी. तोवर तुमच्यासाठी काय करू, सांगा तरी."

कुपर्सबाईंनी खण उघडला, कागद कापायची सरकारी कात्री काढली आणि म्हणाल्या, "टाय पुढे कर."