एकशे चाळीस पावलं

वनखात्यात त्यांना सगळे 'बाकवाले' म्हणत. काम पायवाट राखण्याचं, म्हणजे आडवी पडलेली झाडं हटवणं, ओढ्यावरचे लाकडी पूल ठाकठीक ठेवणं. पण नाव पडलं ते बाकांमुळे. डोंगरातल्या ओढ्याकाठानं डोहापर्यंत जाणारी वाट त्यांनी सव्वीस वर्षं सांभाळली आणि तिच्यावर इतके बाक ठोकले, की नव्या साहेबांनी एकदा विचारलं, "ही चालायची वाट आहे की बसायची?" बाकवाले नुसते हसले. फळ्या पडलेल्या झाडांच्याच असत, त्यामुळे साहेबांनाही फार बोलता येईना.

खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला तर मुळीच नाही. तिला दम्याचा जुना त्रास, पण दम लागला असं तोंडानं कबूल करेल तर शपथ. दर रविवारी दोघं भाजीला निघाली की ती कुलपांच्या दुकानासमोर थांबून कुलपं बघायची. घरात कुलूप एकच, तेही लग्नात घेतलेलं. पुढे चपलांच्या दुकानाशी उभी राहून पट्टा सारखा करायची, त्यापुढे शाळेच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचायची. बाकवाल्यांनी मुकाट्यानं तिची पावलं मोजली. कुलपं ते चपला एकशे चाळीस, चपला ते शाळा एकशे चाळीस. तेच माप धरून ओढ्याकाठी बाक बसले.

चोवीस बाक झाले, पण जिच्यासाठी झाले ती यायला तयार होईना. "मी आले तर सगळ्यांचा खोळंबा," हे ऐकून त्यांचे कान किटले होते. एकदा तरी तिनं डोहात पाय सोडून बसावं, एवढीच त्यांची इच्छा. निवृत्तीला पंधरा दिवस उरले, तेव्हा नातीनं हट्ट धरला की आजी आली तरच मी डोहावर येणार. सहा वर्षांच्या पोरीपुढे कुणाचं चालतं?

रविवारी सकाळी सगळे निघाले. मुलगी आणि नात पुढे, मागे हे दोघं. बाकवाल्यांच्या खांद्याला हत्यारांची लाकडी पेटी होती.

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा ही सवत बरोबर हवीच का?" बायकोनं विचारलं.

"रिकाम्या हातानं चालताच येत नाही मला."

नात प्रत्येक पुलावरून पाण्यात पान सोडायची आणि पलीकडून ते निघतं का बघायला धावायची. बाकवाल्यांचं लक्ष मात्र सगळं बायकोच्या श्वासाकडे. पहिल्या बाकावर ती टेकली. "पाणी किती स्वच्छ आहे, जरा बघू." दुसऱ्यावर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. पंधराव्या बाकानंतर तिनं सबबी सांगणं सोडून दिलं, बाक आला की बसायची आणि श्वास जागेवर आला की उठायची. सगळं जमून येत होतं. बाकवाले मनातल्या मनात इतके खूश, की वाटेत लोंबणारी एक फांदीही त्यांनी न तोडता तशीच राहू दिली.

तेविसाव्या बाकानंतर वाट चढाला लागली. ऐंशी पावलांवर ती थांबली, एका झाडाला हात टेकून. इथे कुलपं नव्हती आणि बाकही नव्हता.

"तुम्ही व्हा पुढे. मी इथूनच परत फिरते."

बाकवाल्यांनी हजारदा चढलेली वाट, आणि हे कधी डोक्यात आलं नाही. त्यांनी पेटी खाली ठेवली, ती डगमगू नये म्हणून बुडाशी एक दगड सारला. "बस."

ती बसली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "एवढे बाक टाकलेत आणि नेमका इथेच नाही."

"माप चुकलं."

"कसलं माप?"

"तुझं." आता लपवण्यात अर्थ नव्हता. "कुलपांच्या दुकानापासून चपलांच्या दुकानापर्यंतचं. रस्ता सपाट, इथे चढ. माझ्या लक्षातच आलं नाही."

तिनं खाली वळून पाहिलं. झाडांमधून एकामागे एक बाक दिसत होते. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"पहिल्यापासून."

"आणि मी वेडी, इतकी वर्षं कुलपं बघतेय."

दोघांनाही हसू आवरेना. हसण्यानं तिला पुन्हा दम लागला, म्हणून पेटीवर आणखी पाच मिनिटं गेली. मग ती उठली आणि सावकाश वर पोहोचली. डोहात पाय सोडून ती आणि नात तासभर बसल्या. बाकवाले काठावर उभे राहून नुसते बघत होते. सव्वीस वर्षांत ही जागा त्यांना इतकी आवडली नव्हती.

उतरताना ती त्या झाडापाशी थांबली, या वेळी दम लागला नसताना.

"बाक इथे हवा. आणि बाकीच्या बाकांच्या मध्येही एकेक टाका. दरवर्षी यायचं तर माझी पावलं कमीच होत जाणार."

"पंधरा दिवसांत एवढे बाक?"

"निवृत्त झाल्यावर तरी दुसरं काय करणार आहात?"

साहेबांना काय सांगायचं ते नंतर बघता आलं असतं. बाकवाल्यांनी पेटी उघडली, खडू काढला आणि ती दाखवत होती तिथे खूण केली.